आमची वाटचाल : कोळी, पोतं आणि कॅमेरा

2011 साली सांगलीत गणपती पेठेजवळच्या भाड्याच्या गाळ्यात मी आणि माझ्या मावसभावाने काम सुरू केलं. कॅमेरे बसवायचे, वायर ओढायची, डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारी पेटी, जोडून द्यायचा, एवढंच. 2019 च्या महापुरात गाळा पाण्यात गेला, मालही गेला. मग विश्रामबागला आलो.

धंदा वळला तो मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्यामुळे. गोदामात हालचाल झाली की मोबाईलवर सूचना, अशी सोय आम्ही मोठ्या कौतुकाने करून दिली होती. त्या कॅमेऱ्याला माणूस कळत नव्हता. आधीच्या चित्रापेक्षा आताचं चित्र बदललं की तो ओरडायचा. रात्रीच्या इन्फ्रारेड उजेडात काचेपुढचा कोळी मांजराएवढा दिसतो. तिसऱ्या रात्री दोन वाजता फोन आला, "ओ, तुमचा कोळी झोपू देईना झालाय. सकाळी येऊन काढा सगळं!"

मग माणूस ओळखणारी पद्धत शोधू लागलो. दलाल आणि ट्रिग्ज या संशोधकांनी 2005 मध्ये मांडलेली एक रीत ओपनसीव्ही या चित्रं तपासणाऱ्या सॉफ्टवेअर-संचात फुकट मिळते. 64 बाय 128 पिक्सेलच्या उभ्या चौकटीत कडा कोणत्या दिशेला झुकतात, यावरून ती माणूस ठरवते. ऑफिसात आम्ही फिरलो तर प्रत्येकाभोवती झकास चौकट. गोदामात मात्र पाठीवर पोतं घेऊन वाकलेला हमाल तिला दिसेचना. तिने शिकलेली माणसं सगळी ताठ उभी होती. एक वयस्क हमाल स्क्रीनकडे बघत म्हणाले, "म्हंजे पोतं ठेवल्यावरच आमी मानूस व्हय?"

पुढे योलो जातीचं, म्हणजे उदाहरणाचे फोटो दाखवून चित्रातल्या वस्तू ओळखायला शिकवता येणारं, मॉडेल घेतलं. हमालांना विचारून, पोत्यासकट त्यांचे फोटो काढले, हाताने चौकटी आखल्या आणि ते नव्याने शिकवलं. फार कंटाळवाणं काम, पण त्यानेच निभावलं.

माणूस सापडणं वेगळं आणि पुढच्या क्षणी तो तोच आहे हे धरून ठेवणं वेगळं. त्याच्या चालीवरून पुढची जागा कालमन फिल्टरने अंदाजता येते. हे गणित 1960 चं. सापडलेल्या प्रत्येक माणसाला एक नंबर मिळतो, पण पोत्यांच्या थप्पीआड गेलेला सात नंबर बाहेर येताना बारा होऊन यायचा. व्यापारी विचारायचे, "माणसं सहा, तुमच्या हिशोबात अकरा. वरचे पाच कोण?" आता दिसेनासा झालेला नंबर आम्ही काही सेकंद राखून ठेवतो. खरा फरक मात्र सुताराने पाडला. दाराच्या चौकटीवर फळी ठोकून कॅमेरा सरळ खाली तोंड करून लावला. वरून बघितलं की माणसं एकमेकांआड फारशी जात नाहीत.

आज आम्ही पाच जण आहोत. तासगावच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचीही कामं येतात. चेहरा ओळखून हजेरी लावून द्या म्हणणाऱ्यांना नाही म्हणतो. डोकी मोजायची, नावं नाहीत. हळदीच्या हंगामात काच पिवळी पडते, ती पुसायला दर पंधरवड्याला पोरगा जातो.

दोघांनी मिळून एक पोतं उचललं तर अजून कधीकधी एकच चौकट उमटते. सध्या त्याचेच फोटो गोळा करतोय.