एअर पिस्तुलासाठी पेलेटची निवड : पावसाळ्यातील नोंद

मोठ्या बोअरच्या (रुंद नळीच्या) रिव्हॉल्व्हरची काडतुसे घरी भरण्याचा छंद अमेरिकेत अनेकांना आहे. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा असल्याने तो मार्ग आपल्यासाठी बंद आहे, आणि तो बंद असावा असेच माझे मत आहे. मात्र त्या छंदाचा गाभा, म्हणजे आपल्या बॅरलला (नळीला) नेमके काय मानवते हे धीराने शोधत राहणे, दहा मीटर एअर पिस्तुलातही अनुभवता येतो. घोडबंदर रस्त्यावरच्या घरी, टेबलावर वजनकाटा मांडून, आणि सुटीच्या दिवशी रेंजवर माझे हेच काम सध्या सुरू आहे.

सुरुवात वजनापासून केली. जांभळी नाक्यावरून आणलेल्या, मिलिग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या सोनारी काट्यावर ०.४५ ग्रॅमची पेलेट (एअर पिस्तुलातून सुटणाऱ्या शिशाच्या छोट्या गोळ्या) एकेक करून तोलली आणि वजनानुसार वेगळी केली. परंतु चांगल्या मॅच दर्जाच्या, म्हणजे स्पर्धेसाठी बनवलेल्या पेलेटच्या, डब्यात तफावत मुळातच इतकी कमी निघाली, की दहा मीटरवरच्या कागदावर तिचा परिणाम दिसला नाही. हे काम मी आता थांबवले आहे. भिंगाखाली पेलेट तपासणे मात्र सोडणार नाही, कारण मागच्या पातळ घेराची कड किंचित जरी दबलेली असली, तरी ते पेलेट ग्रुपच्या, म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या शॉटच्या पुंजक्याच्या, बाहेर जाते. पांढऱ्या कापडावर डोके खाली करून पेलेट उभी केली आणि दिवा बाजूने धरला, की दबलेली कड चटकन नजरेत भरते.

खरा फरक पडला तो डोक्याच्या व्यासाने. पिस्तूल रबरी पट्ट्या लावून व्हाइसमध्ये (पकड-शिकंज्यात) घट्ट बसवले आणि एकाच कंपनीच्या ४.४९ व ४.५० मिमी पेलेटचे पाच-पाच शॉटचे ग्रुप आलटून पालटून घेतले. बाहेरच्या कडांमधले अंतर व्हर्नियरने मोजले, तेव्हा ४.४९ चे ग्रुप साधारण साडेसहा मिमीचे आणि ४.५० चे आठ मिमीच्या आसपासचे आले. लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचे असते आणि पेलेट रेषेला नुसते टेकले तरी गुण मिळतो, म्हणून पेलेटचे केंद्र मध्यापासून आठ मिमीच्या आत राहिले की दहा पक्के. त्या हिशेबाने दीड मिमी क्षुल्लक वाटेल. परंतु अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात आणि ०.१ गुण म्हणजे अवघे ०.८ मिमी. पॅरिस २०२४ मध्ये मनू भाकरचे रौप्य नेमके ०.१ गुणाने हुकले, हे आपल्यापैकी कोणीही विसरलेले नाही.

ठाण्याच्या दमट हवेत शिशावर पांढुरकी भुकटी धरते, त्यामुळे उघडलेला डबा सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद बरणीत ठेवतो आणि झाकणावर लॉट क्रमांक लिहितो. हात साबणाने धुतल्याशिवाय खाण्यापिण्याला स्पर्श करायचा नाही, हा नियम घरातल्या लहानांनाही समजावला आहे.

४.४९ चा हाच लॉट दुकानदाराकडे अजून शिल्लक आहे आणि हंगामाला पुरतील इतके डबे मी राखून ठेवायला सांगितले आहेत. पुढची चाचणी व्हाइसशिवाय, पिस्तूल हातात धरून होईल.