रकाना ४ आणि रकाना ३१

आमचं धरण म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. मातीचा बांध, एका टोकाला सांडवा (जादा पाणी बाहेर सोडणारी वाट), बांधाच्या पोटातून जाणारा एक नळ आणि मागे तळं. तळ्याभोवती नऊ घरं, मालकी सगळ्यांची मिळून. पोहणं, दोन वल्ह्याच्या होड्या आणि गळ टाकून तासन्‌तास बसणारे दोघे-तिघे, एवढाच कारभार. दाखला नसेल तर विमा नाही, असं विमा कंपनीने कळवलं आणि विमा नसेल तर पाण्यात कोणी उतरायचं नाही, असं आम्हीच ठरवलं. धरण नोंदवून, तपासून घेऊन दाखला आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण त्या बैठकीला मी उशिरा पोचलो.

अर्ज, मालकीची कागदपत्रं, नऊ जणांच्या सह्या हे पंधरा दिवसांत उरकलं. पुढचे आठ महिने दोन रकान्यांनी खाल्ले.

पहिल्या पानावर रकाना ४ : 'धरणाची उंची'. चौथ्या पानावर रकाना ३१ : 'धरणाची उंची (पाया पातळीपासून)'. आमच्या अभियंता बाईंनी पहिल्यात ६.४ मीटर लिहिलं, दुसऱ्यात ७.९. दोन्ही बरोबर. मातीचा भराव घालण्याआधी वरची भुसभुशीत माती काढून पक्क्या थरापर्यंत खणतात, म्हणून बांध वरून दिसतो त्याहून खोल असतो. खालच्या अंगाला पायथ्याशी उभं राहून माथ्यापर्यंत मोजलं की एक आकडा येतो, पायापासून मोजलं की दुसरा. १५ मीटर किंवा त्याहून उंच ते 'मोठं धरण', ही मोठ्या धरणांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाची व्याख्याही पायाच्या सर्वांत खालच्या बिंदूपासूनच मोजते. आमचं त्याच्या जेमतेम निम्मं.

सात आठवड्यांनी अर्ज परत आला. सोबत एक ओळ : 'उंचीबाबत विसंगती आढळते. दूर करून फेरसादर करावे.'

इथे मी पहिला मूर्खपणा केला. कशाला वाद, म्हणून बाईंना न विचारता दोन्हीकडे ६.४ लिहून पाठवलं. पाच आठवड्यांनी पुन्हा परत : 'रकाना ३१ मधील उंची तांत्रिक अहवालाशी जुळत नाही.' अहवालात अर्थातच ७.९ होतं. बाईंनी फोनवर मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. मग तिसऱ्यांदा दोन्ही खरे आकडे लिहिले आणि शेजारी बारीक अक्षरात खुलासा केला. तो परत आला, कारण रकान्याबाहेर लिहिलेलं ग्राह्य धरत नाहीत.

तोवर पोहायचे दिवस सुरू होऊन संपत आले होते. 'पाण्यात उतरू नये' असा फलक मीच रंगवला होता, त्यामुळे पोरं माझ्याकडे ज्या नजरेने बघायची ती अजून आठवते. रोज संध्याकाळी कोणीतरी विचारायचं, "काका, झालं का?" शेवटी मी कागदांची पिशवी घेऊन कार्यालयातच जाऊन बसलो.

टेबलामागचे गृहस्थ वाईट नव्हते. त्यांच्या हातात एक तपासणी-यादी होती, आणि तीत लिहिलं होतं की पान १ आणि पान ४ वरची उंची सारखी असावी.

"साहेब, दोन उंच्या वेगळ्या आहेत."

"तेच तर म्हणतोय. वेगळ्या नकोत."

मी त्यांच्या टाचण्यांच्या डबीत त्यांचंच खोडरबर उभं रोवलं. म्हटलं, "आता सांगा, हे टाचण्यांच्या वर दिसतं तेवढं उंच, की डबीच्या तळापासून?" त्यांनी रबराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हसले. मग म्हणाले, "कळलं. पण हे लेखी द्या."

लेखी म्हणजे काय द्यायचं, हे त्यांनाही सांगता येईना. आत जाऊन कोणाला तरी विचारून आले आणि म्हणाले, छेदनकाशा द्या. बांध मधोमध कापला तर कसा दिसेल त्याचं चित्र, त्यावर दोन्ही उंच्या बाणांनी दाखवलेल्या, खाली अभियंत्याची सही आणि शिक्का. आठ महिन्यांत हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होतो. जोडायच्या कागदांच्या यादीत तो नव्हता. म्हणून कोणी या वाटेने जाणार असेल तर पहिल्याच खेपेला छेदनकाशा लावा, मागितलेला नसला तरी. आमचा काढता आला तो जुन्या मालकाच्या ट्रंकेत मूळ नकाशा सापडला म्हणून. त्याच्या कडा वाळवीने खाल्ल्या होत्या, पाया पातळी तेवढी सोडली होती. धरणासकट जागा विकत घेत असाल तर असले नकाशे आधी ताब्यात घ्या, चाव्या नंतर.

त्यानंतर अठरा दिवसांत जागेवरची पाहणी झाली. मी छातीवर उंचीचा कागद घेऊनच उभा होतो. पाहणीला आलेल्या बाईंनी तो बघितलाही नाही. त्या सरळ सांडव्याकडे गेल्या आणि विचारलं, "ही जाळी कोणी लावली?"

मीच लावली होती. पुराच्या पाण्याबरोबर मासे खाली जातात अशी गळवाल्यांची तक्रार, म्हणून सांडव्याच्या तोंडावर बारीक जाळी ताणली होती, आणि मला तिचा अभिमान होता. त्या म्हणाल्या, अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात साउथ फोर्क नावाचं धरण होतं. तेही मातीचं आणि तेही खासगी, श्रीमंतांच्या मासेमारी आणि शिकारीच्या क्लबचं. कार्नेगी आणि फ्रिक हे पोलादाच्या धंद्यातले बडे उद्योगपती त्याचे सभासद. आधीच्या मालकाने तळाचे नळ काढून भंगारात विकले होते, ते क्लबने पुन्हा बसवले नाहीत. घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा थोडा खाली आणला. आणि मासे जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ ला अतिवृष्टीत त्या जाळ्यांत कचरा अडकला, पाणी माथ्यावरून गेलं आणि बांध वाहून गेला. खाली जॉन्सटाउन गाव. २,२०९ माणसं गेली.

मातीच्या बांधावरून पाणी वाहायला लागलं की तो आपल्याच पोटातली माती देत सुटतो, हे मी ऐकून होतो. पण मला त्या क्षणी आठवला तो माझाच एक फोटो. आदल्या वर्षीच्या पावसातला, पाणी माथ्यापासून वीतभर खाली, फोटोखाली मीच लिहिलेलं : 'आमचं तळं तुडुंब!' तळं तुडुंब नव्हतं, जाळी पानांनी बुजली होती. पंधरा पानांच्या त्या अर्जात सांडव्याची लांबी, रुंदी, उतार सगळं विचारलं होतं. त्याच्या तोंडावर काही बांधलंय का, असा रकाना नव्हता. जाळी मी त्यांच्यादेखतच कापली.

बाकी त्यांनी सांगितलं ते आठवेल तसं देतो. पायथ्याशी झिरपणारं पाणी बघून घाबरू नका, थोडा पाझर असतोच. तो बादली आणि घड्याळ घेऊन मोजा आणि वहीत तारखेसह तळ्याची पातळीही लिहा. आमची दहा लिटरची बादली चाळीस सेकंदांत भरते. पातळी तेवढीच असताना बादली लवकर भरायला लागली, किंवा पाणी गढूळ आलं, तर आतली माती वाहतेय. तेव्हा वहीत लिहीत बसायचं नाही, लगेच फोन करायचा. खाली राहणाऱ्यांचेही नंबर त्यासाठी हाताशी हवेत. बांधावर झाडं वाढू देऊ नयेत, कारण मुळं कुजली की पाण्याला वाट मिळते. मात्र मोठं झालेलं झाड स्वतःच्या हिमतीवर मुळासकट उपटायचं नाही. पोरं उतारावरून एकाच जागी धावत पाण्यात जायची, तिथे घळ पडली होती. आता दगडी पायऱ्या केल्यात आणि धक्का बांधापासून लांब नेलाय.

सांडव्याच्या वरच्या बाजूला, ओढ सुरू होण्याच्या बरंच आधी, तरंगत्या डब्यांची दोरी बांधली. कचरा अडकून राहणार नाही अशी ती दूर आणि सैल ठेवलीय. सांडव्याखालच्या डोहात डुंबणं कायमचं बंद. यावर आमच्याकडे सर्वांत जास्त भांडण झालं, कारण ती जागा दिसते सर्वांत निरुपद्रवी. पडणारं पाणी तिथे गोल फिरतं आणि माणसाला पुन्हा पुन्हा धारेखाली ओढतं, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही.

अरे हो, नळाची झडप! वर्षातून एकदा तरी फिरवा, आणि फिरवताना नळाच्या तोंडाजवळ कोणी पाण्यात नाही ना, ते बघूनच. माणूस ओढला गेला तर सुटत नाही. आमची झडप पाहणीच्या दिवशी तीन जणांनी लोंबकळून हलली. मी तर गाळ काढायला तळं चार दिवसांत रिकामं करायच्या बेतात होतो. पाहणीच्या बाई म्हणाल्या, पाणी झपाट्याने उतरवलं तर बांधाचा तळ्याकडचा भिजलेला उतार खचून खाली येतो. हळूहळू, त्यांना विचारून उतरवायचं ठरलं.

दाखला नवव्या महिन्यात आला. त्यावर उंचीचा एकच रकाना आहे आणि त्यात ७.९ छापलंय, कुठून मोजलेली ते न लिहिता. पुढच्या नूतनीकरणाला हा दाखला जोडायचा असतो. मी छेदनकाशाच्या सहा प्रती काढून ठेवल्यात.

गळवाले अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.