सातवा प्लॉट

फेब्रुवारीतली दुपार, द्राक्षाचा हंगाम ऐन भरात. पिंपळगाव बसवंतकडच्या एका पॅकहाउसचं (द्राक्षं निवडून पेट्या भरायच्या जागेचं) सॉफ्टवेअर मी कॉलेज रोडवरच्या आमच्या ऑफिसातून सांभाळतो. तिथल्या सुपरवायझर काकांचा फोन आला. "अहो भाऊ, सातवा प्लॉट रेसिड्यूत फेल आहे ना? मग उद्याच्या तोडणीच्या यादीत कसा? सहावा तर यादीतून गेलाय."

पोटात गोळा आला. मर्यादेपेक्षा जास्त रेसिड्यू, म्हणजे फवारलेल्या औषधाचा उरलेला अंश, असलेला माल युरोपला पोचला, तर अख्खा कंटेनर अडकू शकतो. त्यांना म्हटलं, "काका, मी सांगेपर्यंत तोडणी थांबवा."

लॅबचा रिपोर्ट एक्सएमएलमध्ये येतो, म्हणजे प्रत्येक माहितीला टॅग, नावाची चिठ्ठी, लावलेल्या फाइलीत. आधी संशय तिथेच गेला, कारण एक्सएमएलला टॅगमधलं लहान-मोठं अक्षरही वेगळं वाटतं. पण फाइल चोख होती. सहा आणि सात, दोघांपुढे फेल.

मग माझाच लूप, म्हणजे यादीतल्या एकेकावर तेच काम करत जाणारा कोड, उघडला. गेटएलिमेंट्सबायटॅगनेम या तयार आज्ञेने सगळ्या प्लॉटांची यादी घ्यायची, शून्यापासून पुढे जायचं, फेल दिसला की काढून टाकायचा. तीन ओळींचा कोड, दोन हंगाम चाललेला. कन्सोलमध्ये, म्हणजे कोड हाताने चालवून बघायच्या खिडकीत, एकेक पायरी चालवली, तेव्हा दिसलं. ही यादी जिवंत असते. एलिमेंट, इथे एका प्लॉटची नोंद, डॉक्युमेंटमधून काढलं की यादीतूनही त्याच क्षणी जातं आणि मागचे सगळे एक घर पुढे सरकतात. मोजणी शून्यापासून, म्हणून सहावा प्लॉट होता पाच नंबरच्या घरात. तो काढल्याबरोबर सातवा त्या घरात आला, आणि लूप निघाला सहा नंबरच्या घराकडे, म्हणजे थेट आठव्या प्लॉटवर. सातव्याकडे कोडने पाहिलंच नव्हतं.

फेल प्लॉट एकटा असला की काही बिघडत नाही, कारण न पाहता सुटतो तो पास झालेला. दोन लागोपाठ आले तरच दुसरा निसटतो. आणि हे दोन्ही एकाच शेतकऱ्याचे, बांधाला बांध लागून. फवारणीही एकच झालेली.

दुरुस्ती एका ओळीची होती. ॲरे.फ्रॉमने यादीची प्रत घेतली आणि त्या प्रतीवर लूप फिरवला. क्वेरीसिलेक्टरऑल या दुसऱ्या आज्ञेची यादी गोठलेली असते, मागाहून बदलत नाही, तेही चाललं असतं. नवी यादी पाठवून काकांना कळवलं.

पण घरी जाववेना. दोन हंगामांच्या जुन्या फाइली काढून नव्या कोडमधून एकेक चालवली, जुन्या यादीशी ताडून पाहिली. रात्री साडेनऊला शेवटची जुळली. लागोपाठ दोन फेल आजवर कधीच आले नव्हते. मग डबा उघडला.