तू ठरव आणि लॉक कर

ज्यांची फिल्म मी एडिट करतेय, त्या ताईंचा दुपारी मेसेज आला. ‘शूटवर आहे. तू ठरव आणि लॉक कर.’ बस, एवढंच. लॉक म्हणजे एडिट पक्कं करणं.

तेव्हापासून पोटात गोळा आलाय. खरं तर मला हेच हवं होतं. करेक्शन्सची यादी आली की दर वेळी वाटायचं, एकदा तरी माझ्यावर सोडा ना. आणि आज सोडलं, तर हातच चालेना.

अडलंय एकाच जागी. आजींचं बोलणं संपतं, त्या चष्मा काढतात आणि त्याची काडी अंगठ्याने चोळत बसतात. पहिल्या व्हर्जनमध्ये हा शॉट ५० फ्रेम्स तसाच राहतो. आमचं काम सेकंदाला २५ फ्रेम्सचं, म्हणजे पूर्ण २ सेकंद काहीच घडत नाही. दुसऱ्यात बोलणं संपताच रिकाम्या खुर्चीवर कट, आणि म्युझिक सुरू. दुसरं कुणालाही दाखवा, चालेल. मला पहिलं हवंय. पण का, असं कुणी विचारलं तर?

सॉफ्टवेअर शिकवलं, शॉर्टकट्स शिकवले, फाइलींना नावं कशी द्यायची तेही शिकवलं. ठरवायचं कसं, ते मात्र कुणीच शिकवलं नाही. आजवर चुकलं तर कुणीतरी धरेल, या भरवशावर काम केलं. आता ते फसलं तर फक्त माझं. घरी हे सांगून काही... जाऊ दे.

फिल्म एडिटर वॉल्टर मर्च यांनी चांगल्या कटचे सहा निकष सांगितलेत, त्यात भावनेला ५१ टक्के. हे पाठ आहे मला. पण भावना कोणती, ते टक्केवारी थोडीच सांगणार? मग सोव्हिएत दिग्दर्शक कुलेशॉव्हचा प्रयोग आठवला. चेहरा तोच, पण पुढे सूपची वाटी आली तर बघणाऱ्याला तो भुकेला वाटतो, शवपेटी आली तर दुःखी. परीक्षेत याच्यावर पानभर लिहिलं होतं, आणि तरी दुसऱ्या व्हर्जनमध्ये मी नेमकं काय करत होते, ते आज दिसलं. रिकामी खुर्ची लावली की आजींच्या मनात काय चाललंय, ते मी ठरवून टाकते. त्या तसं म्हणाल्याच नाहीत. कदाचित त्या फक्त थकल्या असतील. कदाचित आठवत असतील. ते २ सेकंद त्यांचे आहेत, ते त्यांच्याकडेच राहू देत.

हे सुचलं आणि पोटातला गोळा गेला असं नाही. अजूनही छातीत धडधडतंय. पण आता धडधडताना निदान माझ्याकडे सांगायला काहीतरी आहे. वाटलं होतं, विश्वास आधी येतो आणि मग माणूस ठरवतो. माझ्या बाबतीत तसं काही होईलसं दिसत नाही. घाबरतच ठरवावं लागणार, बराच काळ. असू दे.

सिक्वेन्सच्या नोट्समध्ये एक ओळ लिहिली, ‘आजींच्या मनातलं आपण सांगायचं नाही, म्हणून होल्ड.’ मग पहिलं व्हर्जन लॉक केलं. ताईंना पटलं नाही तर बोलू त्यावर. मला ते बोलणं हवंच आहे.

उद्या फाइल साउंडला जाईल. त्या जागी म्युझिक भरायची सवय आहे सगळ्यांना, म्हणून आधीच सांगून ठेवणार आहे, तिथे फक्त रूम टोन, म्हणजे त्या खोलीचा नुसता शांत आवाज.