बेसीची लय

आज पुन्हा काउंट बेसी, जॅझचा अमेरिकन पियानोवादक आणि बँडलीडर. पियानोवर बसून सोळा जणांचा बँड चालवायचा, आणि तोही मोजके सूर वाजवून. त्याचं नेतृत्व सगळ्यात स्पष्ट ऐकू येतं ते गाण्याच्या सुरुवातीला. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन गप्प. पियानो, गिटार, बास आणि ड्रम्स एवढेच चौघे वाजवताहेत. लय मनासारखी बसेपर्यंत बेसी घाई करत नाही. ती बसली की मग बाकीचे आत येतात.

त्याच्या बँडचं ‘लिल डार्लिन’ 1957 मध्ये रेकॉर्ड झालं. संगीतकार नील हेफ्टीने ते बऱ्याच चढ्या लयीसाठी लिहिलं होतं. बेसीने ते मिनिटाला 70 मात्रांच्या आसपास उतरवलं, आणि त्याच सुरांचं वजन बदललं. लीडरने घेतलेला याहून मोठा निर्णय मला जॅझमध्ये क्वचितच दिसतो.

नवे बँड हे गाणं हटकून बिघडवतात. लय इतकी संथ की दोन मात्रांमधली जागा रिकामी वाटते, आणि फुंकवाद्यं ती भरायला लवकर शिरतात. आठ बारांत (बार म्हणजे इथे चार मात्रांचा गट) लय चढलेली असते. उपाय म्हणजे प्रत्येक मात्रेचे मनात तीन समान भाग करायचे आणि आडमात्रेचा, म्हणजे दोन मात्रांच्या मधे येणारा, सूर तिसऱ्या भागावर ठेवायचा. दुसरी चूक लांब सुरांची असते. सुरू सगळे एकत्र करतात, सोडतात मात्र आपापल्या वेळी. म्हणून सूर कितव्या मात्रेवर तोडायचा ते पेन्सिलने कागदावरच लिहून घ्यावं. बेसीकडे अशी कसून तालीम घ्यायचं काम मार्शल रॉयलकडे होतं. तो पहिला आल्टो सॅक्सोफोन वाजवायचा आणि 1951 पासून जवळपास वीस वर्षं बँडमध्ये होता. आपलं कोणतं काम दुसऱ्याच्या हाती द्यायचं, हे बेसीला नेमकं कळत होतं.

आणि गिटारवादक फ्रेडी ग्रीन! 1937 ते 1987, अखेरपर्यंत त्याच बँडमध्ये. तारा उंच ठेवलेली गिटार, अँप्लिफायर नाही, बारला चार ठोके. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, दोन-तीन तारांवर धरलेली, त्यातलाही बहुतेक वेळा एकच सूर ठळक. त्यामुळे बासला जागा मिळते आणि पियानोच्या सुरांशी टक्कर होत नाही. बिग बँडच्या तालमीत हीच कसोटी लावावी: संथ गाण्यात गिटार ऐकू येत नसेल, तर फुंकवाद्यांनी आवाज उतरवायचा. गिटारचा आवाज चढवला की ड्रमर चढतो, मग ब्रास (ट्रम्पेट, ट्रॉम्बोन), आणि ते परत खाली आणणं फार कठीण जातं.

चार-पाच जणांच्या बँडमध्ये सुरुवातीला मात्रा मोजून देणाऱ्यावर बेसीसारखीच लय ठरवण्याची जबाबदारी असते. तोंड उघडण्याआधी गाण्यातला सगळ्यात अवघड बार मनात म्हणून बघावा आणि लय तिथून घ्यावी. सोप्या पहिल्या ओळीवरून घेतली, तर मधल्या भागातले झपझप सूर कोणाच्याच बोटांत बसत नाहीत. मग आधी दोन-दोन मात्रांच्या अंतराने ‘वन... टू...’, त्यानंतर प्रत्येक मात्रेला ‘वन, टू, थ्री, फोर’. कार्यक्रमात छाती धडधडत असते, त्यामुळे मोजणी तालमीपेक्षा जलद होते. मेट्रोनोमचा आकडा, म्हणजे मिनिटाला किती मात्रा, गाण्याच्या कागदावर वर लिहिलेला असावा, आणि मोजण्याआधी डोळे एकदा ड्रमरकडे जावेत.