मखराची आयडिया कुठून येते? तुम्ही विचारलंत म्हणून

गणपतीत घरी दर्शनाला येणाऱ्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. "दरवर्षी ही मखराची आयडिया कुठून काढता हो?" आणि "नोकरी सांभाळून एवढा वेळ कधी मिळतो?" त्यावेळी नीट उत्तर देणं शक्यच नसतं, कारण मागे अजून कोणीतरी चपला काढत असतं, आईंना (म्हणजे सासूबाईंना) चहाचं आधण वाढवायचं असतं, मग मी आपली "काही नाही हो, असंच" म्हणून सुटते. आता जरा निवांत आहे तर सांगते.

आयडिया सगळ्यात शेवटी येते. आधी येते मेजरिंग टेप.

लोक नेमके इथेच उलटं करतात असं माझं मत आहे. पिंटरेस्टवर नाहीतर यूट्यूबवर एक सुंदर देऊळ बघायचं, तेच करायचं असं ठरवायचं, ते बनवायचं आणि मग चतुर्थीच्या आदल्या रात्री कळतं की मुकुट कमानीला लागतोय. किंवा मूर्ती बसते छान, पण हार घालायला हातच जात नाही. मखर फोटोसाठी असतं हे मलाही मान्य आहे, फोटो मीही काढते आणि स्टेटसलाही टाकते, पण त्याच्या आत रोज दोनदा पूजा व्हायची असते, दूर्वा वाहायच्या असतात, शिळी फुलं काढायची असतात, पुढे नैवेद्याचं ताट मावायला हवं, आणि विसर्जनाला तीच मूर्ती कुठेही न घासता बाहेर यायला हवी. म्हणून आमच्याकडे कागदावर पहिली रेघ मारली जाते ती मूर्तीची, दुसरी हातांची. कमान, खांब, कळस वगैरे सगळं त्यानंतर.

आमची मूर्ती शाडूची, साधारण १२ इंच उंच आणि ९ इंच रुंद. दोन्ही बाजूंना हात जायला सहा-सहा इंच ठेवले की आतली रुंदी झाली २१ इंच, आणि मुकुटाच्या वर हार धरून दोन्ही हात न्यायला निदान १० इंच तरी लागतात, म्हणजे आतली उंची २२ इंच. थोडक्यात आतून दोन फूट बाय दोन फूट धरून चालायचं. एवढं ठरलं की निम्मी आयडिया आपोआप ठरते, कारण आमच्या डोंबिवलीच्या हॉलमध्ये टीव्हीचं युनिट आणि बाल्कनीचं दार यांच्या मधे जी भिंत उरते त्यात याच्यापेक्षा फार मोठं काही मावतच नाही. तिथे राजवाडा करायचा म्हटलं तर सोफा जिन्यात काढावा लागेल!

आणि एक, मूर्ती बुक करताना कारखान्यात सांगतात ते "एक फूट" लिहून घेऊन घरी येऊ नका. कोणी पाटासकट मोजतात, कोणी पाट सोडून, प्रभावळ असेल तर ती रुंदीत धरलेलीच नसते. रंगकाम चालू असताना टेप घेऊन परत एक चक्कर मारायची, उंची, रुंदी आणि खोली तिन्ही लिहून आणायची. शाडूची मूर्ती त्याच मापाच्या पीओपीपेक्षा चांगलीच जड असते, त्यामुळे ती कधीही पुठ्ठ्याच्या पायरीवर ठेवायची नाही, लाकडी चौरंगच. पुठ्ठा फक्त आजूबाजूला.

पुठ्ठ्यावर आम्ही आलो ते अर्थातच थर्माकोल गेल्यावर. २३ मार्च २०१८ ला राज्य सरकारने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली, त्यात सजावटीचा थर्माकोलही आला, आणि त्या वर्षी गणपती होते १३ सप्टेंबरला. मखरवाले हायकोर्टात गेले होते, निदान या वर्षीपुरती सूट द्या म्हणून, पण ती मिळाली नाही. तोवर आमच्याकडेही थर्माकोलच असायचा, खोटं कशाला बोलू, हलका, पांढराशुभ्र, गरम तारेने लोण्यासारखा कापला जाणारा, नक्षी काढावी तर त्यात. फक्त विसर्जनानंतर त्याचं करायचं काय याचं उत्तर कोणाकडे नव्हतं, तो कुजत नाही, त्याचे दाणे दाणे होऊन नाल्यात जातात, खाडीत जातात. त्यामुळे बंदीबद्दल माझी तक्रार नाही. पण पहिल्या वर्षी पुठ्ठा हातात घेऊन आम्ही सगळे त्याच्याकडे बघत बसलो होतो, हे उभं कसं राहणार म्हणून.

तर ते असं राहतं. खोक्याच्या पुठ्ठ्यात दोन सपाट कागदांच्या मधे एक नागमोडी कागद असतो, हा झाला तीन प्लाय. टीव्ही-फ्रिजची मोठी खोकी बहुतेक पाच प्लायची, तीन सपाट आणि दोन नागमोडी. या नागमोडी रेघा उभ्या ठेवल्या की पुठ्ठा वजन घेतो, आडव्या ठेवल्या की दोन दिवसांत कंबर मोडून बसतो. एवढं एक लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं. कमानीसाठी पुठ्ठा गोल वाकवायचा असेल तर एका बाजूचा सपाट कागद जरासं पाणी लावून सोलून काढायचा, मग तो रेघांवरून सुरेख वळतो, गोल खांबही तसेच होतात. घडी घालायची असेल तिथे चमच्याच्या मागच्या टोकाने दाबून रेघ मारून घ्यायची, कटर लावायचा नाही. आणि रंग दोन्ही बाजूंना द्यायचा, मागची बाजू कोणाला दिसत नसली तरी, नाहीतर एका बाजूने ओलावा पिऊन पूर्ण पॅनल धनुष्य होतं. ॲक्रिलिकच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका, पांढरा डिस्टेंपर आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या स्टेनरच्या (डिस्टेंपरमध्ये मिसळायच्या गडद रंगाच्या) छोट्या बाटल्या, हव्या त्या छटा घरी होतात.

आता वेळेचं. हे सगळं आपल्याला करायचंय ते ऐन पावसाळ्यात, आणि हवेतला दमटपणा हा मखराचा खरा शत्रू. फेव्हिकॉल वाळत नाही, क्रेप कागद मान टाकतो, गव्हाच्या पिठाची खळ वापरलीत तर तिला बुरशी येते (जुने बुकबाइंडर खळीत मोरचूद टाकायचे ते याच्यासाठी आणि किड्यांसाठी, पण ते विषारी असतं, घरात लहान मुलं असतील तर त्या वाटेला जाऊ नका). म्हणून आमची विभागणी अशी, आषाढात फक्त मापं, चित्र आणि खोकी जमवणं, श्रावणातल्या रविवारी कापाकापी, आणि रंग मात्र उघडीप मिळेल त्या दिवशी, मग तो मंगळवार असला तरी रात्री ऑफिसमधून आल्यावर. जोडणी शेवटच्या दोन दिवसांत. रोज तासभर वगैरे मी काही बसत नाही. कापाकापी नवऱ्याकडे, त्याचा हात सरळ चालतो, रंग मी आणि मुलगी, आणि आई समोर खुर्चीत बसून "डावीकडे झुकतंय" सांगतात, आणि ते झुकत असतंच.

कॅलेंडरही आधी बघून ठेवायचं असतं. २०२५ मध्ये चतुर्थी आली २७ ऑगस्टला, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती थेट १४ सप्टेंबरला. हा अडीच आठवड्यांचा फरक छोटा वाटतो, पण सप्टेंबरच्या मध्यात पावसाला थोडी तरी उसंत असते, ऑगस्टअखेर भरवसा नाही. ज्या वर्षी गणपती लवकर, त्या वर्षी आम्ही कागद कमी आणि कापड जास्त करतो. पुठ्ठ्याची साधी चौकट, तिच्यावर जुनी नारायणपेठ साडी निऱ्या घालून पिनांनी लावली की झालं. २०२० मध्ये दुकानं धड उघडी नव्हती, घरगुती मूर्तीला दोन फुटांची मर्यादा होती, तेव्हा तर घरातल्या साड्यांवरच सगळं भागवलं. दर्शनाला कोणी येणार नव्हतं तरी केलं.

आता मुख्य आयडिया. माझा नवरा कुडाळकडचा. त्याच्या गावच्या घरात मखर हा प्रकारच नाही, तिथे गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात. लाकडी चौकट छताला टांगलेली, तिला आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीचं शिपटं, तवशी, चिबूड, आणि रानातून आणलेलं कवंडळ, कांगलं, हरणं, शेरवाड. बांधायला केवणीच्या सालीचा दोर. गोव्यात हीच माटोळी, तिथे तर सरकारच्या कला आणि संस्कृती खात्याकडून माटोळीची स्पर्धा भरते, आणि लोक किती वेगवेगळ्या प्रकारची रानफळं जमवतात ते बघण्यासारखं असतं. लग्नानंतर पहिल्यांदा गेले तेव्हा मी चुलतसासऱ्यांना विचारलं की यंदा डेकोरेशनची आयडिया काय, तर ते म्हणाले, "माटवी बांधूक आयडिया कित्याक व्हयी?" (म्हणजे कशाला हवी) आणि आदल्या दिवशी संध्याकाळी घरातले सगळे पुरुष स्टुलावर चढून दोन तासांत बांधून मोकळे! त्या ऋतूत त्या डोंगरावर जे पिकलंय ते वर टांगायचं, एवढंच. पाऊस उशिरा आला तर कवंडळ कच्चं हिरवं, नाहीतर लालभडक. दरवर्षी वेगळी दिसते आणि कोणी काही डोकं चालवलेलं नसतं.

मला वाटतं माझी सगळी आयडिया तिथूनच येते. म्हणजे मी डोंबिवलीत रानफळं कुठून आणणार, पण त्या वर्षी हाताशी काय आहे ते बघायचं ही सवय तिथली. वरच्या मजल्यावर नवीन फ्रिज आला की ते खोकं आमचं. आईंच्या जुन्या साड्या, बुरुडाकडच्या बांबूच्या कामट्या, एका वर्षी नुसत्या सुपल्या रंगवून मागे लावल्या आणि त्याचं सगळ्यात जास्त कौतुक झालं, जरा रागच आला मला, आदल्या वर्षी कोरीव जाळी कापून बोटं दुखली होती ती कोणी बघितलीही नव्हती.

थीमचं मात्र आमचं जमत नाही. २०२३ ला चांद्रयान २३ ऑगस्टला उतरलं आणि १९ सप्टेंबरला गणपती, तर आमच्या बिल्डिंगमध्येच रॉकेटं उभी राहिली, लाइट्स, धूर, सगळं. मुलांनी केलं होतं, त्यांचा उत्साह मोठा, मी काही बोलले नाही. पण दर्शनाला गेलं की आधी रॉकेट बघायचं, मग बाप्पा कुठे आहेत ते शोधायचं, हे मला पटत नाही. मूर्तीच्या मागचा रंग मूर्तीपेक्षा गप्प हवा. पितांबर पिवळा असेल तर मागे पिवळा नको, गर्द हिरवा नाहीतर वांगी रंग लावून बघा, मूर्ती लगेच पुढे येते.

लाइटचं पटकन सांगते, मागून माळा कितीही सोडा, पण समोरून दोन्ही बाजूंनी तिरका उजेड हवाच, नाहीतर चेहरा काळा दिसतो. वॉर्म व्हाइट घ्या, निळा नको. दिव्यांची पट्टी १२ व्होल्टची ॲडॉप्टरवाली, आणि समईच्या ज्योतीपासून कागद-कापड हातभर लांब, यात तडजोड नाही.

फुलांचं गणित आमच्या पाच दिवसांवर ठरतं. दीड दिवसवाल्यांनी हवं तर अख्खं मखर फुलांचं करावं. पाच दिवसांना झेंडू तिसऱ्या दिवशी काळा पडायला लागतो, आणि तेरड्याचा रंग तीन दिवस हे तर आपण लहानपणापासून ऐकतोच. म्हणून खरी फुलं फक्त हाराला आणि दोन बाजूंच्या तोरणाला, जी रोज बदलता येतील. कल्याणच्या फुलबाजारात आदल्या दिवशी पहाटे गेलात तरी भाव चढलेलेच असतात, त्यामुळे जास्त फुलांचा हट्ट परवडतही नाही. आणि ओली फुलं शाडूच्या मूर्तीवर थेट घालू नका, पाणी झटकून, पुसून, मगच. शाडूचा रंग पाण्याने लगेच उतरतो.

आता एक गुपित सांगून टाकते, दरवर्षी नवीन मखर वगैरे काही नसतं. मागची चौकट तीच आहे, दोन वर्षांनी एखादी पट्टी बदलतो. ती खिळ्यांनी न ठोकता खाचांमध्ये खाच अडकवून जोडलेली आहे, त्यामुळे विसर्जनानंतर दहा मिनिटांत सुटते आणि कपाटामागे सपाट उभी राहते. बदलतो तो फक्त चेहरा, म्हणजे कमान, खांबांचे कागद, मागचं कापड. मागच्या वर्षीचा कळस यावर्षी कोपऱ्यातली कुंडी झालेला असतो, कोणाच्या लक्षात येत नाही. जे अगदीच थकलं ते रद्दीवाल्याकडे. एखाद्या वर्षी हजार रुपयांच्या वर खर्च जायला लागला की आई विचारतात, आणि तो विचारण्याचा सूर असा असतो की पुढच्या वर्षी कमी होतो.

या वर्षीचं अजून ठरलेलं नाही. मुलीला बांबूची झोपडी हवी आहे, नवऱ्याला परत साडीच हवी आहे कारण त्यात कापाकापी नसते. गेल्या वर्षीची जाळीची कमान रिकामी आहे, कोणाला हवी असेल तर श्रावण संपायच्या आत येऊन घेऊन जा, फक्त येताना तुमच्या मूर्तीचं माप लिहून आणा. प्रभावळीसकट.