महामुनीच्या कठड्याशी

विदर्भातील बौद्ध मंडळींना म्यानमारला घेऊन जाणाऱ्या टूर मॅनेजरचे अर्धे काम पायांशी निगडित असते, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. पॅगोडाच्या फाटकाशी चपलांबरोबर मोजेही उतरवावे लागतात, दुपारी फरशी तापते आणि भिक्खूंना भोजनदान करायचे तर ते मध्यान्हीच्या आत आटोपावे लागते. मंडळींच्या येण्यामागचे कारण बहुधा एकच असते: डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला आले होते. मात्र रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोडावर जन्मवारानुसार मांडलेली ग्रहस्थाने आणि तिथे मूर्तींवर पाणी ओतणारे भाविक दिसले, की बाबासाहेबांनी धर्मांतराच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेली ही माणसे माझ्याकडे अशी पाहतात, जणू हे सारे मीच मांडून ठेवले आहे.

२०१९ च्या हिवाळ्यात मंडालेला जे घडले, ते मात्र एवढ्यावर निभावणारे नव्हते. आदल्या दिवशी आम्ही सोन्याचा वर्ख बनवणाऱ्यांच्या वस्तीत गेलो होतो. ते काम मी अनेकदा पाहिले आहे, तरी कंटाळा येत नाही. बांबूच्या खास कागदाच्या थरांमध्ये सोने ठेवून पुरुष जड हातोड्याने तासन्‌तास ठोकतात आणि वेळ मोजतात ती पाण्यात तरंगणाऱ्या, बुडाला भोक पाडलेल्या करवंटीने. करवंटी बुडाली की एक पाळी संपली. शेजारच्या बंद खोलीत बायका वर्ख कापून पुड्यांत भरतात. तिथे पंखाही लावता येत नाही, कारण श्वासानेसुद्धा वर्ख उडतो. आमच्यातल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी तिथेच एक पुडा घेतला.

मंडालेच्या महामुनी पॅगोडातील बुद्धमूर्ती बोडॉपया या बर्मी राजाच्या सैन्याने १७८४ मध्ये पश्चिमेकडच्या आराकानहून आणली. रोज पहाटे चारच्या सुमारास वरिष्ठ भिक्खू तिचे मुख धुतात, दातसुद्धा घासतात. चेहरा त्यामुळे लखलखीत राहिला आहे. खालचे शरीर मात्र भाविकांनी लावलेल्या वर्खांच्या पुटांनी इतके जाड आणि ओबडधोबड झाले आहे, की मूळ घडण ओळखू येत नाही. हा वर्ख फक्त पुरुषांनी लावायचा. स्त्रियांनी पुढच्या मंडपात बसून, हवे तर पडद्यावर पाहायचे. आमच्या मुंबईच्या कचेरीने छापलेल्या कार्यक्रमपत्रिकेत ‘सुवर्णपत्र अर्पण सोहळा’ एवढेच असते. ज्यांनी ती पत्रिका तयार केली, त्यांना कधी स्त्रियांना जिथे थांबावे लागते, त्या कठड्याशी उभे राहावे लागलेले नाही.

मी रात्रीच सर्वांना कल्पना दिली होती. तरीही बाई पुडा हातात घेऊन कठड्यापर्यंत आल्या. ‘‘भाऊ, महाप्रजापती गौतमीला, आपल्या मावशीला, बुद्धानं संघात घेतलं ना? आणि काल हा वर्ख कापला कोणी?’’ आमच्या स्थानिक वाटाड्या स्वतः स्त्रीच होत्या. त्यांनी शांतपणे सांगितले, की त्यांची आजी आयुष्यभर भावाच्या हाती वर्ख पाठवत आली आणि आपले पुण्य कमी झाले असे तिला कधी वाटले नाही. मी ते बाईंना सांगितले. एका गृहस्थांनी पुडा वर नेण्याची तयारी दाखवली, तेव्हा बाईंनी तो पर्समध्ये ठेवला. बरेच पुरुष वर गेले. दोन तरुण पायरीवरून परतले.

बसमध्ये त्यावरून जुंपली. ‘‘दुसऱ्याच्या घरी त्यांचे नियम पाळावे,’’ असे एक निवृत्त बँक अधिकारी म्हणाले. बाईंनी विचारले, ‘‘बुद्धाचं घर दुसऱ्याचं कधीपासून झालं?’’ एरवी मी यजमानांची बाजू घेतो. आमचा धंदाच त्यावर चालतो, आणि चार दिवसांच्या पाहुण्यांनी तिथल्या लोकांना त्यांचा धम्म शिकवावा, हे मला आजही रुचत नाही. पण काळाराम मंदिराच्या दारासाठी १९३० साली सत्याग्रह करणाऱ्यांच्या वारसदार बाईला ‘इथली पद्धतच अशी आहे’ हे उत्तर कोणत्या तोंडाने द्यायचे? या देशात गुलाबी वस्त्रांतल्या शीलधारिणींना, म्हणजे घर सोडून शील पाळणाऱ्या स्त्रियांनाही, भिक्खुणीचा दर्जा नाही, हे मी त्या दिवशी बोललोच नाही.

परतल्यावर पत्रिकेत हा नियम स्पष्ट छापा, असे मी कचेरीला लिहिले. त्याने नोंदणी घटेल, असे उत्तर आले. म्हणून पुढच्या गटाला मी निघण्याआधीच, नागपुरातल्या बैठकीत सांगितले. तेव्हा एका मुलाने विचारले, ‘‘मग आम्ही पुरुषांनी वर जावं का?’’ बरोबर येणाऱ्या बायकांना विचारा, असे मी म्हणालो. ते उत्तर टोलवाटोलवीचे होते, आणि त्याच्या आईने तिथल्या तिथे तसे सुनावलेही.